जबलपूर : दोनदा हुकलेली राजधानी

नागपूरहून उत्तरेला पावणेतीनशे किलोमीटरवर, नर्मदेच्या पलीकडे, ग्रॅनाइटच्या टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत जबलपूर वसले आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या साडेदहा लाख भरली. मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय इथे आहे आणि पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही इथेच आहे. वीज मंडळाचा कारभार इथल्या शक्तिभवनातून चालत आला. तोफा, दारूगोळा आणि लष्करी गाड्या बनवणारे कारखानेही इथले. राजधानीच्या शहरात जे असावे ते बहुतेक सारे आहे, नाही ती फक्त विधानसभा आणि सचिवालय. ही उणीव अपघाताने राहिलेली नाही. या शहराच्या हातून राजधानी एकदा १८६१ मध्ये नागपूरकडे गेली, दुसऱ्यांदा १९५६ मध्ये भोपाळकडे.

या परिसराला राजधानीपण नवे नव्हते. शहराच्या पश्चिमेला, भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे लहानसे गाव आहे. तेच कलचुरी राजांची त्रिपुरी. त्रिपुरीचे नाव कोरलेली नाणी इसवी सनापूर्वीच्या शतकांतली आहेत. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळच्या वस्तीचे थरही उजेडात आले. म्हणजे कलचुरी इथे आले तेव्हा गाव आधीच जुने होते. नवव्या शतकात पहिल्या कोक्कल्लाने इथे राज्य बळकट केले आणि पुढची सुमारे साडेतीनशे वर्षे त्रिपुरी मध्य भारतातल्या प्रमुख राजधान्यांपैकी एक राहिली. दहाव्या शतकात पहिल्या युवराजदेवाच्या दरबारी राजशेखर हा कवी होता. त्याचे ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक याच दरबारासाठी लिहिलेले आहे. राजशेखराने आपल्या पणजोबांचा, अकालजलदाचा, उल्लेख ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा केला आहे. महाराष्ट्रातल्या घराण्यांची या खोऱ्याशी असलेली ओळख इतकी जुनी आहे.

अकराव्या शतकात गांगेयदेव आणि त्याचा मुलगा कर्ण यांच्या काळात हे राज्य शिखरावर पोचले. गांगेयदेवाने एका बाजूला बसलेली लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूला आपले नाव अशी सोन्याची नाणी पाडली. ती इतकी रूढ झाली, की उत्तरेतल्या अनेक राजघराण्यांनी त्याच नमुन्यावर आपली नाणी पाडली. राज्याचा दबदबा किती दूर पोचला होता हे सांगायला नाण्याची ही नक्कल पुरेशी आहे. भेडाघाटच्या टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर कलचुरींच्याच काळातले. नाव चौसष्टचे असले तरी त्या गोल ओवरीत देवळ्या आहेत एक्क्याऐंशी. ११५५ मध्ये गयाकर्णाची विधवा राणी अल्हणदेवी हिने भेडाघाटला शिवमंदिर आणि मठ बांधल्याचा शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला हे राज्य मावळले आणि त्रिपुरीची वस्ती ओसरून तेवर हे खेडे तेवढे उरले.

कलचुरींचा हा इतिहास आज ज्या नीटनेटकेपणाने वाचता येतो, त्याचे मोठे श्रेय एका मराठी पंडिताला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून कलचुरींचे विखुरलेले शिलालेख आणि ताम्रपट गोळा केले, त्यांचे वाचन केले आणि १९५५ मध्ये ते दोन भागांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. हे राजे वापरत असलेला कलचुरी संवत इसवी सन २४८-४९ च्या सुमारास सुरू झाला, हेही मिराशींच्या कामामुळे पक्के झाले. संवताचा आरंभच ठाऊक नसेल, तर शिलालेखातल्या सालाचा काहीच उपयोग होत नाही. मिराशींच्या या कामाचे मोल त्यामुळे फार मोठे आहे. कलचुरींच्या लेखांत येणाऱ्या ‘जाउली’ या विभागाच्या नावाशी अभ्यासकांनी जबलपूरचे नाव जोडले आहे. लोकांत मात्र जाबाली ऋषींची कथाच जास्त चालते.

त्रिपुरीनंतर राजधानीचा मान काही मैल पूर्वेला सरकून गढ्याला आला. आज गढा हा जबलपूर शहराचाच एक भाग आहे. इथल्या गोंड राजांच्या राज्याला गढा-मंडला म्हणतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी संग्राम शहाच्या ताब्यात बावन्न गढ होते असे सांगतात. त्याची सून म्हणजे राणी दुर्गावती. महोब्याच्या चंदेल घराण्यातली ही मुलगी गोंड राजघराण्यात आली, नवरा दलपत शहा गेल्यावर लहान मुलगा वीरनारायण याच्या नावाने तिने कारभार पाहिला आणि २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार असफखान याच्याशी लढताना तिने देह ठेवला.

दुर्गावतीची आठवण शहरात पुतळ्यांपेक्षा तलावांनी जास्त जपली आहे. राणीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि तिचा दिवाण आधार कायस्थ याचा आधारताल ही नावे आजही मोहल्ल्यांची नावे म्हणून रोज तोंडात येतात. खडकाळ जमिनीत विहिरी खोदणे अवघड आणि नर्मदा गावापासून काही कोस दूर. म्हणून टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवायचे, अशी ही व्यवस्था होती. गढा-जबलपूरचे बावन्न ताल अशी म्हणच आहे. त्यातले बरेच आज बुजवून त्यांवर वस्ती उभी राहिली आहे. शहराने आपल्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट अशी हातची घालवली, याची हळहळ वाटते. मदनमहालाची गढी मात्र उघड्या खडकावर तशीच उभी आहे. तिच्याजवळ एका शिळेवर जेमतेम टेकलेली दुसरी प्रचंड शिळाही तशीच आहे.

गोंड राजांनी पुढे आपली गादी मंडल्याकडे नेली आणि गढा मागे पडला. तोपर्यंत जबलपूर हे त्याच्या शेजारचे एक गाव होते. त्याचे नशीब पालटले ते मराठ्यांच्या निर्णयाने. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली, तीत राजा महाराज शहा मारला गेला आणि राज्यावर चौथाई बसली. पुढे १७८१ मध्ये शेवटचा गोंड राजा नरहरी शहा याचे राज्य पेशव्यांच्या सागरच्या सुभ्यात सामील झाले. हा सुभा गोविंदपंत बुंदेल्यांच्या घराण्याकडे होता. नव्या मुलखाचा कारभार कुठून चालवायचा, हा प्रश्न आला. मराठ्यांनी डोंगरातले मंडला निवडले नाही, जुना गढाही निवडला नाही. त्यांनी जबलपूर निवडले.

या निवडीमागचे कारण नकाशा पाहिला की कळते. विंध्य आणि सातपुडा यांच्या मधल्या नर्मदेच्या खोऱ्यात पश्चिमेकडून, हुशंगाबाद-नरसिंहपूरच्या बाजूने, येणारी सपाट वाट इथे संपते. उत्तरेला मिर्झापूर आणि गंगेकडे, दक्षिणेला शिवनीवरून नागपूरकडे आणि वायव्येला सागरकडे जाणारे रस्ते इथेच फुटतात. वसूल गोळा करणाऱ्या आणि फौज हलवणाऱ्या सरकारला अशी चव्हाट्यावरची जागा हवी असते. पुढे इंग्रजांनी, रेल्वेने आणि लष्करानेही हीच जागा पसंत केली, ती याच कारणासाठी. जबलपूरच्या शहर म्हणून झालेल्या वाढीची सुरुवात १७८१ पासून धरावी लागते. मराठी वाचकांना ही गोष्ट सहसा माहीत नसते.

१७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. भोसल्यांची सत्ता वीस वर्षेही टिकली नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि १९ डिसेंबर १८१७ रोजी झालेल्या लढाईनंतर जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले. या घटनांचा शेवटचा अंकही याच परिसरात घडला. कैद केलेल्या आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रज अलाहाबादकडे नेत होते. मे १८१८ मध्ये जबलपूरजवळच्या मुक्कामावरून शिपायाच्या वेषात ते रातोरात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. इंग्रजांना ते पुन्हा सापडले नाहीत.

इंग्रजांनी जिंकलेल्या या मुलखाला सागर-नर्मदा प्रांत असे नाव मिळाले आणि जबलपूर त्याचे मुख्य ठाणे झाले. या काळातला सर्वांत गाजलेला अधिकारी म्हणजे विल्यम स्लीमन. मिर्झापूर ते नागपूर या दख्खनच्या रस्त्यावर प्रवाशांचे गळे आवळणाऱ्या टोळ्यांविरुद्धची त्याची मोहीम जबलपुरातून चालली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी इथे उद्योगशाळा निघाली, तीत गालिचे आणि तंबू तयार होऊ लागले. ठगांविषयीच्या इंग्रजांच्या वर्णनात अतिशयोक्ती किती, यावर आजचे इतिहासकार वाद घालतात. उद्योगशाळेतल्या तंबूंना मात्र छावण्यांत आणि कचेऱ्यांत कायमचे गिऱ्हाईक मिळाले. याच स्लीमनला १८२८ मध्ये छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीवर काही जीवाश्म हाडे सापडली. भारतात सापडलेले डायनासॉरचे ते पहिले अवशेष. पुढे १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकरने त्यांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. ज्या खडकात ती मिळाली त्या थराचे नाव जबलपूरच्या लम्हेटा घाटावरून पडले आहे. ‘लॅमेटा’ हा शब्द आज जगभरचे भूवैज्ञानिक वापरतात.

१८५७ मध्ये इंग्रजांनी इथे घेतलेल्या सूडाने सारा मुलूख हादरला. पदच्युत गोंड राजघराण्यातले वृद्ध राजा शंकर शहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शहा यांनी उठावाची तयारी केली, या आरोपावरून १८ सप्टेंबर १८५७ रोजी दोघांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. पुराव्यात देवीला शत्रुनाशाची विनवणी करणारी कवने होती. त्याच रात्री छावणीतली ५२ वी देशी पलटण बंड करून निघून गेली.

उठाव शमल्यावर प्रांतांची फेरमांडणी झाली. नागपूरचे राज्य इंग्रजांनी आधीच खालसा केले होते. २ नोव्हेंबर १८६१ रोजी सागर-नर्मदा प्रांत आणि नागपूर प्रांत एकत्र करून मध्य प्रांत तयार झाला आणि त्याची राजधानी नागपूरला गेली. जबलपूर आता एका विभागाच्या कमिशनरचे ठिकाण उरले. राजधानी हुकण्याची ही पहिली वेळ.

तरी शहर खुंटले नाही, कारण तेवढ्यात आगगाडी आली. ईस्ट इंडियन रेल्वेचा अलाहाबादकडून येणारा फाटा १८६७ मध्ये जबलपूरला पोचला. मुंबईकडून थळघाट चढून, भुसावळ-इटारसीवरून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ७ मार्च १८७० रोजी त्याला येऊन मिळाली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते समारंभ झाला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे पहिल्यांदा लोहमार्गाने जोडली गेली, त्या जोडाची जागा जबलपूर होती. नागपूरवरून कलकत्त्याला जाणारा जवळचा मार्ग व्हायला अजून वीस वर्षे लागायची होती. तेवढ्या काळात देशाची मुख्य वाहतूक जबलपूरवरून गेली आणि धान्य, गळिताचे पदार्थ, लाकूड यांची बाजारपेठ इथे भरभराटीला आली. १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १८८० च्या दशकात खंदारी जलाशयाचे पाणी नळाने गावात आले. राजा गोकुळदास यांच्यासारख्या मारवाडी सावकारांची मोठी गुंतवणूक शहरात झाली. तेंदूच्या पानांमुळे विडीचा धंदा वाढला आणि हजारो घरांतल्या बायका त्यावर पोट भरू लागल्या. १९०१ मध्ये वस्ती नव्वद हजारांच्या आसपास होती.

शिक्षणही वाढत होते. सागरला १८३६ मध्ये सुरू झालेली सरकारी शाळा १८७३ मध्ये जबलपूरला हलवली गेली, तिचेच पुढे रॉबर्टसन कॉलेज झाले. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या हितकारिणी सभेने शाळांचे जाळे विणले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि शहराला नवा स्वभाव मिळाला. शत्रूच्या आरमाराच्या टप्प्याबाहेर, देशाच्या मधोमध, रेल्वेच्या जंक्शनवर लष्करी सामान बनवावे, असा विचार त्यामागे होता. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी ट्रक बनवणारा वाहन कारखाना आला. भोंग्याच्या वेळेवर सायकलींचे लोंढे निघणारे हे गाव कारखान्यांच्या वसाहतींमुळे पूर्वेकडे पसरत गेले.

स्वातंत्र्यलढ्यात हे शहर दोनदा साऱ्या देशाच्या नजरेत आले. १९२३ मध्ये नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकवण्यावरून इथे झेंडा सत्याग्रह पेटला, मग त्याचे केंद्र नागपूरला गेले. मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याला जुन्या राजधानीचे त्रिपुरी हे नाव दिले गेले. पट्टाभि सीतारामय्या यांच्याविरुद्ध १५८० वि. १३७७ मतांनी निवडून आलेले सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेल्या अवस्थेत तिथे आले होते. त्यांच्यासाठी सजवलेल्या बावन्न हत्तींच्या रथाची मिरवणूक निघाली, पण अध्यक्ष अंथरुणाला खिळलेले होते. काँग्रेसमधली फूट याच अधिवेशनात उघडी पडली. फेब्रुवारी १९४६ च्या अखेरीस, मुंबईच्या नाविकांच्या उठावापाठोपाठ, जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातल्या भारतीय जवानांनीही संप केला. छावणीच्या शहरात घडलेली ही घटना नाविकांच्या उठावाच्या तुलनेत फार कमी सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच राहिली. भाषावार प्रांतरचनेने हे चित्र बदलले. फाजल अली आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. नागपूरसह आठ मराठी जिल्हे वेगळे काढायचे. उरलेले महाकोशल आणि छत्तीसगड, मध्यभारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ राज्य यांचा मिळून नवा मध्य प्रदेश करायचा आणि त्याची राजधानी जबलपूरला ठेवायची, अशी शिफारस त्यात होती. जबलपूरला शंकाच उरली नव्हती.

तरीही राजधानी भोपाळला गेली. त्याची कारणे गुंतागुंतीची होती. नव्या राज्यात येणाऱ्या घटकांच्या आपापल्या राजधान्या आधीच होत्या. मध्यभारताचा कारभार ग्वाल्हेर आणि इंदूर यांच्यात वाटलेला होता, विंध्य प्रदेशाची राजधानी रेवा होती. जबलपूर पूर्वेकडे पडते, ग्वाल्हेर-इंदूरच्या लोकांना ते दूर वाटत होते. भोपाळ कोणत्याच मोठ्या गटाचे नव्हते, दिल्लीहून दक्षिणेला जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर होते आणि नवाबाच्या कारभाराच्या इमारती तिथे तयार होत्या. दिल्लीचा कौलही भोपाळच्या बाजूने पडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी रविशंकर शुक्ल यांच्या मुख्यमंत्रिपदाखाली नवे राज्य अस्तित्वात आले तेव्हा भोपाळ हे जिल्ह्याचे ठिकाणसुद्धा नव्हते. ते सिहोर जिल्ह्यात होते, स्वतंत्र भोपाळ जिल्हा १९७२ मध्ये झाला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी मोठी व्यापारी शहरे सोडून आल्बनी किंवा स्प्रिंगफील्डसारख्या लहान गावांत राजधान्या नेल्या. भोपाळची निवडही त्याच जातीची. त्या फेररचनेत जबलपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे एकाच दिवशी मागे सरली. नागपूरच्या वाट्याला नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन तरी आले.

जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हेच नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. घुमट आणि कमानी असलेल्या जुन्या सरकारी इमारतीत न्यायालय बसले. राजधानी एका गावी आणि उच्च न्यायालय दुसऱ्या गावी, ही तोड भारतात ओडिशा, केरळ, राजस्थान यांनीही काढली आहे. १९६८ मध्ये इंदूर आणि ग्वाल्हेरला कायम खंडपीठे मिळाली, तेव्हा हा वाटाही थोडा पातळ झाला. नवे राज्य झाले त्या सुमारास जबलपूरला विद्यापीठही मिळाले (१९५६, आज राणी दुर्गावती विद्यापीठ) आणि १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ निघाले. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनच होते. विनोबा भावे यांनी या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटले. राजधानी गमावलेल्या गावाने हे नाव उचलले ते कायमचे, आज ते दुकानांच्या पाट्यांवरही दिसते.

नाव गोड असले तरी नुकसान भरून निघाले नाही, हे मान्य करावे लागते. राजधानीबरोबर येणारी खाती, महामंडळे, रस्ते आणि खासगी गुंतवणूक भोपाळ-इंदूरच्या पट्ट्यात गेली. सरकारी कारखान्यांवर विसंबलेल्या जबलपूरला १९९० नंतर त्यांची नोकरभरती आटल्यावर त्याची झळ लागली. २२ मे १९९७ च्या पहाटे नर्मदा-सोन भ्रंशरेषेवर ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, चाळीसच्या आसपास माणसे गेली आणि हजारो घरे पडली. मदनमहालची तोललेली शिळा त्यातही हलली नाही. नर्मदेवर शहराच्या वरच्या अंगाला बरगी धरण १९९० मध्ये पुरे झाले. त्याने शहराला पाणी आणि वीज दिली, पण वरच्या खोऱ्यातल्या गोंड आणि इतर शेतकऱ्यांची कितीतरी गावे बुडाली. त्यातले अनेक विस्थापित मजुरीसाठी जबलपूरच्याच झोपडवस्त्यांत येऊन राहिले. दुर्गावतीच्या प्रजेच्या वंशजांची ही परवड शहराच्या प्रगतीच्या हिशेबात मांडली गेली पाहिजे.

२००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले आणि जबलपूर आता राज्याच्या पूर्व कडेला आले. २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय मिळाले, तेव्हा १८७० चे जंक्शन पुन्हा एका मोठ्या कारभाराचे ठिकाण झाले. सातपुड्यातून नैनपूर-बालाघाटवरून गोंदियाला जाणारी अरुंद लोहमार्गाची गाडी शतकभर धावून २०१५ मध्ये थांबली. तिच्या जागी घातलेला रुंद मार्ग २०२० च्या अखेरीस पुरा झाला. आता जबलपूरहून विदर्भात उतरायला इटारसीचा वळसा घ्यावा लागत नाही.